आत्याचं स्टूल

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी तिथे होते. मागच्या शनिवारी, भर दिवसा, दुपारी चार वाजता, आमच्या कलासंग्रहालयाच्या तळमजल्यावर.

माझी सख्खी आत्या चित्रकलेची शिक्षिका. जन्मभर पोटाला चिमटा काढून जगली. मरायच्या आधी राहतं घर विकून तिने संग्रहालयाला कायमची ठेव दिली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दर शनिवारी मुलांचा चित्रवर्ग चालवायचा. ठेव मोडायचीच झाली तर घरच्या माणसाची सही हवी.

घरची म्हणजे मी. तिथेच कारकून.

आत्या गेली आणि संचालकांना नव्या स्वागतदालनाचे डोहाळे लागले. मला बढतीचं गाजर दाखवलं.

मी सही केली. लाज वाटते सांगायला, पण केली.

वर्ग बंद. दारात आलेली मुलं मीच परत पाठवली.

त्या शनिवारी संचालकसाहेब दालनासाठी वर्गाची रिकामी खोली मापायला आले. मधोमध आत्याचं उंच स्टूल होतं. त्यावर कुणाला तरी बसवून ती मुलांकडून चित्र काढून घ्यायची. ती 'ऊठ' म्हणेपर्यंत हलायचं नाही, हा तिचा दंडक.

साहेब हसत त्यावर बसले. "काय हो, तुमच्या आत्याबाई मलाही बसवून ठेवणार की काय?"

मी टेप आणायला बाहेर गेले. फार तर दोन मिनिटं.

परतताना आतून आवाज आला...

कोळशाच्या कांड्या कागदावर घासल्याचा. एक नाही, बऱ्याच.

दार उघडलं. आवाज थांबला.

साहेब स्टुलावरच होते. श्वास चालू, पण पापणी लवत नव्हती.

भोवती फरशीवर गोलाकार बारा चित्रं. सगळ्या बाजूंनी साहेबच. समोरच्या चित्रात त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी वर पाहिलं...

खरंच वाहत होतं.

दवाखान्यात आडवं केलंय, तरी अजून बसल्यासारखेच आहेत. पाय दुमडलेले, पाठ ताठ. डॉक्टरांनी हात टेकले.

त्या खोलीला मी स्वतः कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच आहे.

आज शुक्रवार. सकाळी माझ्या टेबलावर तेरावं चित्र होतं...

तेच स्टूल. त्यावर माझी साडी, माझा चष्मा. चेहऱ्याची जागा तेवढी कोरी.

ठेव परत करायला माझ्याकडे काय आहे? पैसा दालनाच्या ठेकेदाराकडे गेला, आणि 'ऊठ' म्हणणारी मला माफ करणार नाही.

उद्याची रजा टाकली आहे. पण आत्याला माझं घर माहीत आहे.