एका रिंगचा बर्फ

वाहून गेलेलं जाळं शोधायचं आणि बोटीत घालून परत आणायचं, एवढंच काम होतं. दोन दिवसांपूर्वी बंदराकडे निघालेल्या एका अगडबंब जहाजाने रामू तांडेलाच्या जाळ्याचा दोर कापला होता आणि निम्मं जाळं तरंगत्या बोयांसकट समुद्रात निघून गेलं होतं. जहाजावरच्या कुणाच्या ते गावीही नसेल. नवं जाळं तयार होईपर्यंत अर्धा हंगाम घरी बसून काढावा लागला असता. म्हणून श्रावणातल्या त्या सकाळी, सहाच्या ठोक्याला, ‘चंद्रावती’ करंजाच्या धक्क्यावरून सुटली. बोट लहान, माणसं तीनच. सुकाणूवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान रामू, पुढच्या टोकाला नाळेवर खलाशी गणू आणि इंजिनापाशी रामूचा भाचा हितेश.

हितेशचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. बोटीचा वायरलेस दुरुस्तीला टाकून चार महिने झाले होते आणि दुकानदार दर वेळी “पार्ट यायचाय” म्हणून वाटेला लावत होता. राहिले मोबाइल. त्यांची गोष्ट तर आणखी संतापजनक होती. मे महिन्यात पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर एका कंपनीची लाल छत्री लागली होती. छत्रीखाली पत्रकं, पत्रकावर ठळक अक्षरांत ‘समुद्रातही फुल रेंज!’ हितेश आयटीआय शिकलेला, बोटीवरचा शहाणा माणूस. त्याने मामाला पटवलं, गणूला पटवलं आणि तिघांचेही नंबर एका झटक्यात त्या कंपनीकडे वळवले. जुन्या कार्डांना भर समुद्रात रेंजच्या निदान दोन काड्या यायच्या. नवं कार्ड द्रोणागिरीचा डोंगर मागे पडला की मान टाकायचं. कंपनीला तो रोज शिव्या घालायचा, पण निम्म्या शिव्या स्वतःलाच असायच्या.

तशी कोळ्यांनी रेंजच्या या नाटकांवर आपली तोड काढलेली होती. रामूची बायको जनी पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. समुद्रातून बोलणं कधी पुरं होत नाही, तिसऱ्या शब्दाला कटतं, म्हणून तिनेच खूण ठरवली होती. एक मिस्ड कॉल ही एक रिंग. एक रिंग म्हणजे काम फत्ते, बर्फाचा टेम्पो घेऊन धक्क्यावर ये. दोन म्हणजे उशीर होईल. तीन म्हणजे अडकलोय, माणसं पाठव. जनीने फोन उचलायचा नाही, फक्त रिंगा मोजायच्या. सहा वर्षं ही खूण बिनचूक चालली होती.

अकराच्या सुमाराला गणूने हात उंचावला. “तांडेल, बोये!”

लाटांवर नारिंगी बोये डुचमळत होते. रामूने बोट हळूहळू जवळ नेली. गणूने आकडी टाकून दोर धरला, पायाशी जाळ्याची रास पडू लागली आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिघांचे चेहरे सैलावले. तेवढ्यात पश्चिमेकडून एक भलीमोठी लाट आली. तिने बोट उचलली आणि जाळ्यावरच नेऊन आदळली. खालून घरघर झाली. इंजिनाच्या पंख्याने जाळं पकडलं होतं! दोर सर्रकन ताणला गेला. गणूच्या पोटरीला त्याचा वेढा बसला, पाय काठावर आपटला आणि गणू किंचाळला.

हितेशने इंजिन बंद केलं. कोयत्याच्या दोन घावांत दोर तोडला. पण पोटरी खोलवर फाटली होती आणि रक्त थांबत नव्हतं. रामूने कमरेचा रुमाल सोडला, गुडघ्याच्या वर आवळून बांधला आणि वळून म्हणाला, “फोन लाव.”

तीन फोन. तिन्हींवर एकही काडी नाही. ‘समुद्रातही फुल रेंज!’ हितेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एक फोन दातांत धरला आणि तो डोलकाठीवर चढू लागला. बोट बंद पडलेली, लाटा आडव्या. काठी एकदा डावीकडे पाण्यावर झुकायची, एकदा उजवीकडे. तळवे सोलवटले. टोकाला पोचून त्याने पायांचा वेढा घातला आणि फोन आभाळाकडे धरला.

एक काडी!

तटरक्षक दलाचा नंबर लावायला हवा होता, हे त्याला नंतर सुचलं. अंगठा सवयीने मामीच्याच नावावर गेला. रिंग वाजू लागली. “उचल, मामी,” तो पुटपुटला. रिंग वाजत होती. “अगं उचल ना!” आणि मग त्याला आठवलं. मामी उचलणार नव्हती. उचलायचं नाही, हे तिनेच ठरवलं होतं. ती पनवेलच्या बाजारात पाटीमागे बसून रिंगा मोजत असणार. रिंग पुरी झाली आणि काडी गेली. नंतर वीस मिनिटं तो त्या काठीवर लोंबकळत राहिला, पण ती परत आली नाही.

तो खाली उतरला.

“एक रिंग गेली,” हितेश म्हणाला.

“येकच?” रामूचा चेहरा उतरला. “म्हंजे ती बरफ सांगल.”

गणूचे डोळे मिटलेले होते, पण त्याने ऐकलं होतं. “बरा हाय,” तो कण्हत म्हणाला. “मना बरफात घालून न्या.”

हितेशला फोन समुद्रात भिरकावून द्यावासा वाटला. त्या छत्रीवाल्याला इथे आणून काठीला उलटा टांगावासा वाटला. पण गणूच्या पायावरचा रुमाल लाल होत चालला होता आणि रागाला आता दुसरं काम लावायला हवं होतं. “मामा, जाळं वाचवून पंखा सोडवायचा तर दोन तास जातील,” तो म्हणाला.

ज्याच्यासाठी ते इथवर आले होते त्या जाळ्याकडे रामूने एकदाच पाहिलं. “काप.”

हितेशने कमरेला दोर बांधला, हातात सुरी घेतली आणि उडी मारली. खाली गढूळ अंधार. हाताने चाचपत पंखा सापडला. जाळं घट्ट गुंडाळलेलं. कापलं, ओढलं, दम संपला, वर आला. पुन्हा खाली! लाटेने बोटीचं बूड उचललं आणि पंख्याचं पातं त्याच्या खांद्यावर बसलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्याने सुरी सोडली नाही. तिसऱ्या बुडीला तो दातओठ खाऊन कापत राहिला. कंपनीचा एकेक शब्द, दुकानदाराचा ‘पार्ट’, स्वतःचा शहाणपणा, सगळ्यांवर सुरी चालवत राहिला. शेवटची गाठ सुटली! जाळं बोयांसकट पुन्हा वाहत निघालं. या खेपेला त्याच्याकडे वळून कुणी पाहिलं नाही.

परतीचे तीन तास रामूने इंजिन पिळून काढलं. हितेश गणूच्या उशाशी बसून त्याच्याशी बोलत राहिला, त्याला झोपू देईना. द्रोणागिरी दिसू लागला तसे फोन टुणटुणले. पहिला मेसेज कंपनीचा होता. ‘प्रिय ग्राहक, आमच्या नेटवर्कचा आपला अनुभव कसा आहे?’ हितेशने तो मनातल्या मनात अशा शब्दांत कळवला की ते इथे छापता येणार नाहीत. मग १०८ ला फोन लावला. अँब्युलन्स यायला पाऊण तास लागेल, असं उत्तर आलं.

धक्क्यावर जनी उभी होती. शेजारी बर्फाचा टेम्पो, मागचं फळकूट उघडलेलं, रिकाम्या क्रेट्सची रांग लावलेली. एका रिंगवर तिने सगळं चोख केलं होतं. बोट टेकली आणि तिने गणूचा पाय पाहिला. क्रेट्स बाजूला ढकलले, बर्फावर गोणपाट पसरलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, “हिकडंच घाला त्याला. थेट पनवेल.”

बर्फाच्या लाद्यांवर आडवा होऊन गणू पनवेलच्या हॉस्पिटलात पोचला. टाके घालून बाहेर आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, “पाय वाचला. अजून थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. बरं झालं, गाडी धक्क्यावर तयार ठेवलीत.”

तयार ठेवलीत! हितेश भिंतीला पाठ लावून उभा होता, तो भडकला. “कुणी तयार ठेवली? चुकून आली ती! उद्या त्या छत्रीखाली जातो मी. पत्रक खायला लावतो त्याला.”

“जा. मी पन येते,” जनी म्हणाली. “पन आदी खूण बदला. कुनी ठरवली ही असली?”

“तूच ठरवलीस, मामी.”

“मग मी येडी. आरं, ज्याचा जीव जातोय त्याच्यापाशी तीन रिंगा येतील कुठनं? तीन रिंगा सुखात आसलेल्या मानसाला. बरफ पायजे, तर तीन दे. येक आली का मी समजनार, माजी मानसं अडकलीत.” मासळीचा वास अजून न गेलेल्या हातांनी तिने आपला फोन काढला. “आनि येक आली का मी उचलनार. दे बगू.”

“काय देऊ?”

“रिंग दे.”

हितेशने फोन काढला. हॉस्पिटलच्या त्या बोळकांडीत काड्या भरभरून होत्या. त्याने मामीचं नाव दाबलं. चार हातांवर उभ्या असलेल्या जनीचा फोन वाजला. पहिल्याच रिंगला तिने तो कानाला लावला.

“बोल,” ती म्हणाली.

डोलकाठीवर जे बोलायचं राहिलं होतं ते त्याच्या ओठांवर आलं. “मामी,” तो फोनमध्ये म्हणाला, “गणूदादाला लागलंय गं,” आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागला.