परतायचं राहिलं

या, बसा. खुर्ची जरा दिव्याजवळ ओढा, म्हणजे नकाशा नीट दिसेल. एजंटच्या बसमध्ये स्वतःला कोंबून घ्यायचं नाही, दोघांनीच सगळं ठरवून कुणाला फारसं ठाऊक नसलेल्या गावात जाऊन राहायचं, असं तुमच्या मनात आहे ना? उत्तम. आमचंही तेच ठरलं होतं. गाडी कुठं बदलायची, सामान किती कमी न्यायचं, सगळं सांगतो. फक्त आवाज जरा बेताचा ठेवू. ही आत आहे आणि हिचे कान फार तिखट आहेत.

मी ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढण्यात जन्म गेला. घरातसुद्धा खिशात मोजपट्टी असते, म्हणून ही मला ‘पट्टी’ म्हणते. चारचौघांत म्हणते, काही लाजबीज नाही. ही शाळेत गाणं शिकवते. आमचं बरं चाललं होतं. मग हिच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. पडद्याचा आजार, कडेकडेनं नजर मिटत येते. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरतं. डोळ्यांचे डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, बघायचं ते बघून घ्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

त्यांच्याच बाहेरच्या खोलीत एक जुनं मासिक पडलं होतं. त्यात इटलीतल्या एका डोंगरातल्या गावाचा फोटो. दगडी घरं, अरुंद गल्ली, वर छोटा चौक आणि चौकात कारंजं. तिथं ना कुठलं मोठं चर्च, ना संग्रहालय. हिनं ते पान डोळ्यांजवळ धरलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.

“इथं जायचं,” म्हणाली. “आणि एक सांगते पट्टी, तिथं मी तुझा हात धरून फिरणार नाही. पुढं जन्मभर धरायचाच आहे. ही एक गल्ली मी एकटी चालणार. कारंज्यापर्यंत जाणार आणि एकटी परत येणार.”

“पडलीस म्हणजे?”

“पडले तर पडले. तू नकाशेवाला कशाला आहेस मग?”

आता बायकोनं असं डिवचल्यावर कोण गप्प बसेल? गावातल्या एका बाईंचं घर भाड्यानं मिळत होतं. त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण जमलं. मग मी वरून घेतलेले फोटो बघून त्यांच्या दारापासून कारंज्यापर्यंतच्या गल्लीचा नकाशा काढला आणि रविवारी दुपारी या हॉलमध्ये जमिनीवर कागदी चिकटपट्टीनं ती गल्ली आखली. आखली म्हणजे खऱ्या मापात. लहान नाही, मोठी नाही. खुर्च्यांच्या पाठी लावून भिंती केल्या. पायऱ्यांना जाडजूड पुस्तकं. एके ठिकाणी कमान होती, तिथं दोन कपाटांवर इस्त्रीचं टेबल आडवं टाकलं. शेजारचे बघून गेले आणि यांचं डोकं फिरलंय म्हणाले असतील. म्हणोत.

गल्ली लांब, हॉल एवढासा. म्हणून एक तुकडा आखायचा. ही डोळे मिटून तो चालायची, मी मागून हातात नकाशा घेऊन सांगायचो, “डावीकडं, पायरी, वाक जरा.” तुकडा संपला की ती डोळे मिटूनच उभी राहायची. मी पट्ट्या उचलून पुढचा तुकडा आखायचो. शेवटी तसंच उलटं. एकेक तुकडा पुन्हा मांडून मी तिला दारापर्यंत परत आणायचो. माझ्या कंबरेचं पार भजं व्हायचं. पण ती ऐकायची नाही. “जाण्याइतकंच परतणं पाठ हवं,” म्हणायची. दारापाशी आली की मगच डोळे उघडायची.

पहिले काही रविवार खरंच मजेत गेले. ही कमानीखाली हटकून डोकं आपटायची आणि मला शिव्या घालायची.

मग एकदा कमानीच्या पुढं ही थबकली. म्हणाली, “इथं ओल आहे.”

मी म्हटलं, “बाथरूमचं दार उघडं असेल.”

“बाथरूमला असा वास येतो? दगडाचा? आणि लाकडं जाळल्याचा?”

मी हुंगलं. मला काही आलं नाही. पण पडदे ओढलेले होते, पंखा बंद होता, आणि माझ्या हातातल्या नकाशाचा कोपरा हळूच हलला... खालून वर, कुणी फुंकर घातल्यासारखा.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, “पट्टी, इथं सरळ जाता येत नाही. पायऱ्या उतरतात, उजवीकडं.” ते ठिकाण छपराखालून जाणारं होतं. वरून घेतलेल्या फोटोत दिसत नव्हतं, म्हणून मी अंदाजानं सरळ रेघ मारली होती. मी घरमालकीणबाईंना फोन केला, सहज विचारावं तसं. त्या म्हणाल्या, हो हो, तिथं पायऱ्या आहेत, उजवीकडं उतरतात, सांभाळून.

माझ्या अंगावर काटा आला. हिला मात्र कोण आनंद! “बघ, मला न बघताच दिसायला लागलं,” म्हणाली आणि लहान मुलीसारखी टाळ्या पिटत बसली. तिला इतकं खुश मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते बघून मी तोंड शिवून घेतलं. तुम्ही काय केलं असतंत?

मग तो रविवार आला. त्या दिवशी ती पहिल्यांदा चौकात पोचली. कारंजं म्हणून मी पाण्याची बादली ठेवली होती. तिनं हात पुढं केला, पण बादलीच्या बराच वर, आणि तिथंच बोटं ओली केल्यासारखी झटकली. माझ्या चष्म्यावर थेंब उडाले. मी बादलीकडं बघितलं. पाणी जराही हललं नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. साइटवरचा सुपरवायझर. खांबाची जागा चुकली, उद्या काँक्रीट पडणार, नकाशा आत्ताच्या आत्ता हवा. माझं टेबल खुर्च्यांच्या पलीकडं अडकलेलं. मी घाईनं खुर्च्या बाजूला केल्या, खालच्या पट्ट्या टराटरा ओढून काढल्या आणि म्हटलं, “उघड डोळे, आज इतकं पुरे.”

“अरे, परतायचं राहिलं,” ती म्हणाली.

“पुढच्या रविवारी परतू. उघड ना आता!”

तिनं डोळे उघडले.

संध्याकाळी मी विचारलं, “चहा ठेवू?” ती खिडकीपाशी बसलेली. काही बोललीच नाही. रागावली असेल म्हणून मी आत वळलो, तेव्हा मागून आवाज आला, “ठेव.” परदेशात फोन लावल्यावर पलीकडचं बोलणं थोडं थांबून येतं ना, तसं. आधी वाटलं, मुद्दाम करतेय. पण दुसऱ्या दिवशी ते थांबणं वाढलं. तिसऱ्या दिवशी आणखी. हिच्या शाळेतल्या एक बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, यांना बरं नाही का? मुलं गाणं म्हणून संपवतात आणि मग या सुरू करतात.

हिचे हात गार पडले होते. स्वतःच्या घरात ही मोकळ्या जागी वळायची आणि दार सोडून भिंतीकडं जायची. डॉक्टरांनी डोळे तपासले. म्हणाले, आहे तसंच आहे. मी घाबरलो हो, चांगलाच घाबरलो. पुन्हा गल्ली आखली, चौकाचा तुकडा मांडला, तिला बादलीपाशी उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. तिनं मिटले. पण पाऊल उचलेना. नुसती उभी.

म्हटलं, खड्ड्यात गेली ती सहल. दुपारी घरमालकीणबाईंना फोन लावला. ही समोर सोफ्यावर बसली होती, डोळे मिटून.

“आमचं येणं रद्द करायचंय,” मी म्हटलं.

“रद्द?” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या मिसेस तर आल्यात.”

“कुठं आल्यात?”

“चौकात. कारंज्याच्या पायरीवर बसतात. रोज. डोळे उघडत नाहीत. आम्ही घरी चला म्हटलं, तर उठत नाहीत. म्हणतात, नवरा सांगेल कुठं वळायचं ते... मी तुम्हाला फोन करणारच होते.”

मी सोफ्याकडं बघितलं. मग त्या बाईंना म्हटलं, कसंबसं म्हटलं, “जरा फोन तिच्या कानाशी धराल का?”

दार लागल्याचा आवाज आला. दगडावरची पावलं. पाणी पडत होतं, बारीक, एकसारखं. मी म्हटलं, “ए... ऐकतेस का?”

“पट्टी!” फोनमधून लगेच आवाज आला. एवढासाही न थांबता. “किती वेळ लावलास रे! गारठले मी इथं.”

आणि मग बऱ्याच वेळानं, माझ्यासमोर सोफ्यावर बसलेल्या हिचे ओठ हलले. “पट्टी... किती वेळ लावलास रे. गारठले मी इथं.”

नकाशा मला तोंडपाठ होता. “उठ,” मी म्हटलं. “पाठ फिरव. भिंत उजव्या हाताला ठेव. चाल.” फोनमध्ये पावलं वाजू लागली, मागून घरमालकीणबाईंची चप्पल. मी एकेक वळण सांगत गेलो. पायऱ्या चढवल्या. कमानीखाली वाकवली. आणि इकडं ही सोफ्यावरून उठली. आधी फोनमधल्या पावलाच्या बरंच मागून पाऊल टाकत होती. मग ते अंतर कमी होत गेलं. शेवटच्या वळणाला दोन्ही पावलं एकदम वाजली.

“आता दार. थांब. उघड डोळे.”

फोनमध्ये घरमालकीणबाई काहीतरी ओरडल्या आणि फोन बंद झाला. ही दारापाशी उभी होती. माझ्याकडं बघून म्हणाली, “पाय मेले तुटायला आलेत.” लगेच म्हणाली. मी तिला धरून ढसाढसा रडलो. सांगायला लाज कसली.

सहल आम्ही सोडून दिली. पट्ट्या फेकल्या. हिची नजर मात्र डॉक्टरांनी सांगितली होती तशी मिटत गेली. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी भाजी निवडतो, ती फोडणी टाकते, वासावरून. मला वाटलं, जे व्हायचं ते झालं, संपलं.

परवा दुपारी फोन आला. हिनंच उचलला. दिसत नाही म्हणून ती सगळे फोन स्पीकरवर घेते. घरमालकीणबाई होत्या. म्हणाल्या, “मिसेस गेल्या, बरं झालं. पण ते अजून बसलेत.”

“कोण?” मी विचारलं.

“त्यांच्या मागं उभे असायचे ते. हातात कागद घेऊन. मला वाटलं, तेही जातील... आज त्यांनी माझा फोन मागितला.”

हिच्या मागं कागद घेऊन मीच चालायचो. माझे डोळे उघडे होते, म्हणून मी इथंच होतो असं मी धरून चाललो होतो. त्या रविवारी परतायचं माझंही राहिलं होतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आधी पाण्याचा आवाज आला. मग माझा. आपल्या भाषेत, खरखरीत, थकलेला... पण माझा.

“ए, ऐकतेस का? तू फोनवरचं ऐकत चालत गेलीस. मी मागून हाका मारत होतो. थांब म्हणत होतो. तो मी नव्हतो गं... तुला वाट सांगत होता तो.”

मी फोन हिसकावून बंद केला. ही जवळ आली आणि माझ्या तोंडावरून बोटं फिरवली. कपाळ, नाक, हनुवटी. सावकाश. मी म्हटलं, “अगं, मीच आहे.” पण तिला मी आता आवाजानंच कळतो, आणि तो आवाज तिकडंही आहे. आणखी काय दाखवू तिला? मला लग्नाचा दिवस आठवतो, हिची पहिली साडी आठवते, सगळं आठवतं. सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, “हो, बरोबर.”

काल तिनं भाचीकडून विमानाचं तिकीट काढून घेतलं. एकटीचं. मी म्हटलं, तुला दिसत नाही, एकटी कशी जाणार? म्हणाली, “गल्ली पाठ आहे मला. आणायला जातेय.”

“कुणाला आणायला?”

“नवऱ्याला,” म्हणाली, आणि कपड्यांची घडी घालत राहिली.

तुमच्या सहलीचं मी सांगेन सगळं, त्याची काळजी नको. पण त्याआधी माझं एक काम करा. आत जाऊन तिला सांगा, की हा तोच माणूस आहे. तुम्ही मला रोज बघता, जिन्यात बोलता. तुमचं ती ऐकेल. थांबा... तुम्ही इथं राहायला आलात ते त्या रविवारच्या आधी, की नंतर?