मातामायचा लाल झरा

"ठेकेदारानं पाहिलं त?" लटारू कुजबुजला.

"तो जेवून राह्यला. गुलाब, टाक लवकर!" कांता म्हणाली.

गुलाबनं बाजारातून आणलेली लाल रंगाची पुडी छावणीमागच्या खड्ड्यात रिकामी केली, लटारूनं काठी नसल्यानं हातानंच ढवळलं आणि तिघंही टेकडी उतरत पळत सुटले.

ऊर्जानगरची कांता आणि तिचा भाऊ गुलाब उन्हाळ्याच्या सुट्टीत वडशाजवळच्या या जंगलातल्या गावी मावशीकडे आले होते. लटारू त्यांचा इथला दोस्त. टेकडीच्या पायथ्याशी गावदेवी मातामायचा झरा होता. तिथं तीर्थ वाटायचे लटारूचे आजोबा, पोचूबाबा. पण टेकडीवर रस्त्याच्या ठेकेदाराची छावणी पडली, तिथल्या संडासाचं पाणी या खड्ड्यात मुरू लागलं आणि गावात हगवण सुरू झाली.

"माय कोपली," लोक म्हणत आणि आणखी तीर्थ पीत.

"खड्ड्यातलं पाणी खडकातून झऱ्यात येत असंल," कांता म्हणाली होती. "रंग टाकला की समजते!"

"आज्याले सांगू काय?" लटारूनं विचारलं होतं.

"नको! अडवतील आपल्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी झरा लाल झाला!

"जमलं!" गुलाबनं उडीच मारली.

पण तिथं अख्खं गाव लोटलं होतं. "मायनं कुंकू धाडलं! चमत्कार!" बायांनी लोटे पुढे केले.

"पिऊ नका! रंग आहे तो! आम्हीच टाकला!" कांता गर्दीत घुसली.

"तुमी बुद्धाचे. मायचं तुमाले काय कळते!" कोणीतरी तिला मागे ओढलं.

पोचूबाबांनी सगळ्यांच्या आधी ओंजळ भरली, कपाळाला लावली आणि पिऊन टाकली.

लटारू धावत आजीकडे, रुखमाबाईकडे गेला. तिनं त्याचे लाल हात पाहिले. ती त्याच्यासोबत टेकडी चढली आणि लालभडक खड्डा पाहून तशीच खाली आली. तिनं बाभळीच्या फांद्या ओढून झऱ्यावर आडव्या टाकल्या.

"कोणी हात लावू नका! मायच्या घरात घाण शिरली!"

तिचं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

संध्याकाळी पोचूबाबांना जुलाब सुरू झाले. गडचिरोलीच्या दवाखान्यात सलाईन लावली, पण म्हातारं शरीर टिकलं नाही.

दवाखान्यातून बातमी तहसीलला पोचली आणि ठेकेदाराला छावणी हलवावी लागली. तहसीलदारसाहेबांनी गावासमोर कांताची पाठ थोपटली. "शाब्बास! अशी चौकस मुलं गावोगाव पाहिजेत!" टाळ्या वाजल्या. लटारू मान खाली घालून उभा होता.

कांता तशीच रुखमाबाईच्या अंगणात गेली. म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

"आजी, आम्ही आधी सांगायले पाह्यजे होतं."

"सांगतलं असतं, त लटारूच्या आज्यानंच झरा झाकला असता, पोरी. मायचं पाणी साफ राहावं, असं त्याले नसतं वाटलं काय?"

"मले वाटलं, तुमी ऐकणार नाई," कांता म्हणाली.

रुखमाबाईचा हात सुपात थांबला.

"विचारलं कुठी तुनं?"