अकरा मुलांचं पदक

"चोर आम्हीच पकडलाय. तुम्ही फक्त घेऊन जा," असं फोनवर ऐकलं, तेव्हाच निरीक्षकबाईंचं डोकं तापलं. चोर कोण ते लोकांनीच ठरवायचं, मग पोलिसांनी काय हमाली करायची?

लिलावगृहाच्या मागच्या खोलीत त्या पोचल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. चारला लिलाव. गेल्या वर्षी वारलेल्या एका मोठ्या नटीचं सामान टेबलांवर मांडलं होतं. पोशाख, मानपत्रं, हिऱ्याची पिन. मृत्युपत्रात तिनं हे सगळं मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकलं होतं. मधल्या टेबलावर एक मखमली पेटी उघडी पडली होती. रिकामी.

त्यात सोन्याचं पदक होतं, माणुसकीसाठी मिळालेलं. भर दुपारी स्टुडिओ पेटला, तेव्हा नटीनं आत अडकलेली अकरा मुलं ओढून बाहेर काढली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातसुद्धा होती.

कोपऱ्यातल्या स्टुलावर एक म्हातारी ताठ बसली होती. चाळीस वर्षं नटीचा कपडेपट सांभाळणारी. सगळे तिला माई म्हणत. हातांत पांढरे सुती मोजे. इथल्या वस्तूंना हात लावायचा तर ते सगळ्यांनाच घालावे लागत.

"हिच्या पिशवीत पदकाची फीत निघाली!" नटीचा भाचा कडाडला. भारी कोट, चढा आवाज. "जन्मभर मावशीच्या जिवावर जगली आणि शेवटी तिलाच लुबाडलं!"

"पिशवी कुणी तपासली?"

"मी स्वतः. सगळ्यांच्या तपासल्या."

"आणि तुमची झडती?"

"माझी?" तो हसला. "बाई, ती माझी मावशी होती."

निरीक्षकबाईंनी फीत हातात घेतली. कुठे कापलेली नव्हती. टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा आकडा. चिमटीत दाबला तरच उघडणारा. त्यांची स्वतःची नखं दोनदा घसरली.

लिलावदार दाराशी घाम पुसत उभा होता. त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"खोलीत कोण कोण होतं?"

"आम्ही तिघंच. पेटी रिकामी दिसली आणि मी लगेच दारं बंद करवली. तेव्हापासून कुणी बाहेर गेलेलं नाही."

"हिऱ्याची पिन पेटीशेजारीच होती?"

"हो. पदकापेक्षा कितीतरी महाग."

"पदकाबद्दल काल-परवा काही विशेष?"

तो आठवू लागला. "काल एका ग्राहकाचा फोन आला. पदकाच्या मागच्या बाजूचा फोटो हवा म्हणाला. आमच्या यादीत पुढचीच बाजू छापलीय. आज सकाळी ह्या भाचेसाहेबांनी बँकेच्या लॉकरमधून पदक आणलं. मी पेटीत पाहिलं, पण त्यांनी मला बाहेर काढू दिलं नाही. म्हणाले, दुपारी बघू."

निरीक्षकबाई पुतळ्यावर चढवलेल्या पांढऱ्या रेशमी पोशाखाजवळ गेल्या. खाली चिठ्ठी होती: 'आगीच्या दिवशी अंगावर असलेला पोशाख.' चष्मा लावून त्यांनी बाह्या पाहिल्या, घेर पाहिला. काजळी नाही. ठिणगीचं भोक नाही. नवा कोरा.

हवालदारानं चहा आणला. माईंनी कप दोन्ही तळव्यांत दाबून धरला.

"तुम्ही काहीच का बोलत नाही, माई?"

"कुणाला ऐकायचंय?" माईंचा आवाज धारदार होता. "फीत सापडली ना? मग चढवा फासावर."

"मोजे काढता?"

माई थबकल्या. मग दातांनी ओढून त्यांनी मोजे काढले. उजव्या हाताची तीन बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली. डाव्या हाताचा अंगठा लाकडासारखा ताठ.

"हा आकडा उघडून दाखवा."

"थट्टा करता का माझी?"

निरीक्षकबाई गर्रकन भाच्याकडे वळल्या.

"लहान असताना ह्या हातांनी तुम्हाला कपडे घातले असतील. हात कधी पाहिलेच नाहीत? फीत न कापता सोडवणं ह्यांना शक्यच नाही. ती सोडवली तुम्ही, आणि पिशवी तपासताना आत टाकलीत."

"मी का चोरू? सामान आमच्याच घरचं!"

"होतं. आता मुलांचं आहे. आणि तुम्हाला सोनं नकोच होतं. नाहीतर पिन उचलली असती. पदकाची मागची बाजू कुणाला दिसायला नको होती. आज लॉकरमधून काढताना पहिल्यांदा पाहिलीत, हो ना? आगीतून आलेलं रेशीम कोरं राहत नाही. ज्या बाईनं मुलं काढली तिच्या अंगावर खुणा असणार. त्या कुणाच्या अंगावर आहेत, हे खोलीतल्या सगळ्यांनी आत्ता पाहिलं." त्यांनी हवालदाराला खूण केली. "झडती फक्त ह्यांचीच राहिलीय."

कोटाच्या आतल्या खिशातून पदक निघालं. मागे टोकदार कशानं तरी, वेड्यावाकड्या अक्षरांत कोरलेलं होतं: 'अकरा मुलं हिनं काढली, माझ्या कपडेपटवालीनं. मी गाडीतून उतरले नाही.'

"मावशीवर सिनेमा निघतोय," भाचा पुटपुटला. "सगळं धुळीला मिळालं असतं."

माईंनी अक्षरं वाचली. डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही; नाकपुड्या फुललेल्या.

"चाळीस वर्षं हाताशी होते तिच्या," त्या म्हणाल्या. "एकदा तोंडानं म्हणायला काय झालं होतं?"

लिलावदारानं खाली मान घालून विचारलं, "लिलाव रद्द करू, माई?"

"का? त्या पोरांच्या औषधांनी काय पाप केलंय? विका सगळं."

"पदक मात्र आता पुराव्यात जमा होईल," निरीक्षकबाई म्हणाल्या. "कोर्ट सोडेल तेव्हा विका. त्यावर काय लिहिलंय ते आजच वाचा. भर सभेत, मोठ्यानं."

बाहेरचं दालन भरत चाललं होतं. पत्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले. भाच्याचा आवाज एकदम खाली आला.

"मागच्या दारानं नेता येईल का?"

"नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या, आणि त्याच्या दंडाला धरून त्यांनी दालनाचं दार सताड उघडलं.