काळा पडलेला काढा

"मॅडम, आत्ताच्या आत्ता खांदेश्वरला या. मनालीच्या हिरड्याच्या काढ्यात अँटिबायोटिक सापडलंय."

फोनवर रावसाहेब होते, कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे प्रमुख. नमिता म्हात्रे दुसऱ्या कॉलेजात तोच विषय शिकवत. चौकशीला बाहेरचं माणूस हवं होतं.

रावसाहेबांची विद्यार्थिनी मनाली भोईर हिचा काढा जखमेतले जंतू मारत होता. पीएच.डी.ची एकमेव जागा तिलाच मिळणार होती. खात्रीसाठी रावसाहेबांनी विभागाच्या फ्रिजमधल्या बाटलीतला नमुना बाहेरच्या लॅबला पाठवला आणि भेसळ निघाली. आता जागा राहिली बाजूला, मनालीला कॉलेजातूनच काढणार होते.

नमितांनी उरलेली बाटली उजेडात धरली. काढा शाईसारखा काळा होता.

"असाच असतो?"

"नाय मॅडम, तांबूस असतो. स्टीलच्या पातेल्यात उकळते मी." मनालीचे डोळे सुजले होते. "मी कशाला काय टाकू? माझा तसाच चालत होता ना!"

"फ्रिजची किल्ली?"

"आमा तिघांकडे."

दुसरी गीतांजली. तिचं काम आवळ्यावर. टेबलावर चिनी मातीचा खल.

"मनालीचं कौतुक सहन होतं?"

"नाही. जळते मी," गीतांजली म्हणाली. "सर तिच्या प्लेटचा फोटो ग्रुपवर टाकतात, वर 'शाब्बास'. मला नुसता अंगठा. म्हणून काय तिच्या काढ्यात गोळ्या घालत फिरू?"

"लोखंडी खल का नाही घेत?"

"आवळा काळाठिक्कर पडतो त्यात. हिरडापण."

तिसरा धनेश. त्याचं काम हळदीवर. पुढ्यात लोखंडी खलबत्ता, बोटं पिवळी.

"मनाली कशी आहे?"

"हुशार. प्लेट ओतायला मीच शिकवलं तिला." तो हसला. "आता तीच मॅडम होऊन मला शिकवते."

"तिनेच घातलं असेल?"

"एवढं मोठं वर्तुळ नुसत्या हिरड्याने येतं का? तुम्हीच सांगा."

वर्तुळ म्हणजे प्लेटमध्ये, जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत, औषधाभोवती जंतू मरून उरलेली मोकळी जागा. ती जितकी मोठी तितकं औषध जोरदार.

नमितांनी मनालीकडून समोर बसून नवा काढा करवून घेतला. त्याच्या चाचणीच्या बश्या स्वतःच्या कुलपात ठेवल्या. निकाल आल्यावर सगळ्यांना बोलावलं.

"अँटिबायोटिकची गोळी लोखंडी खलात कुटली," त्या म्हणाल्या. "चिकटलेली पूड वाया जाऊ नये म्हणून त्यातच थोडा काढा घालून घोटला आणि परत बाटलीत ओतला. लोखंड लागलं, हिरडा काळा पडला. मनाली हे करणार नाही, ती स्टील सोडत नाही. गीतांजलीला आवळ्यामुळे ठाऊक आहे. लोखंडाला बिनधास्त हात घालेल तो फक्त हळदवाला."

"खल कोणीपण घेऊ शकतं," धनेश म्हणाला.

"घेऊ शकतं. पण लोखंडाने काय होतं हे या दोघींना माहीत होतं. शिवाय बाटलीच्या तळाशी पिवळे कण होते. सोड्याचं पाणी टाकलं, लाल झाले. हळदीशिवाय दुसरं काय असणार?"

धनेशने बोटं खिशात घातली.

"मी शिकवलं तिला," तो हळू म्हणाला. "दोन वर्षं हळद कुटतोय. सर माझ्या टेबलापाशी थांबतसुद्धा नाहीत."

रावसाहेबांनी मान खाली घातली. मग त्यांनी धनेशला आपल्या खोलीत चलायला सांगितलं.

दारापर्यंत जाऊन धनेश थांबला, वळला.

"नव्या काढ्याचं वर्तुळ... किती आलं?"

"एकोणीस मिलीमीटर," नमिता म्हणाल्या.

"माझं नऊच्या वर कधी गेलं नाही," तो म्हणाला, आणि त्याने मनालीकडे असं पाहिलं, जणू त्याची जागा तिनेच चोरली होती.