कपाटाचं कुलूप

ही गोष्ट रचलेली नाही. रक्षा माझी सख्खी मावसबहीण. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही खोलीची सगळी दारं उघडी ठेवून.

मे महिना, २००६. वर्ध्याला लागून असलेलं सावंगी.

रात्र नव्हती... दुपारचे दोन वाजले होते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

रक्षा घरीच कॉम्प्युटरवर मेडिकलच्या विद्यार्थ्यांचे थिसिस टाइप करून द्यायची. नवरा धनंजय औषधविक्रीच्या कामानं आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. घरात ती आणि नऊ वर्षांची मयुरी. शाळेला सुट्टी लागलेली. गेमच्या नादात मयुरीनं एका डॉक्टरणीचा अर्धा थिसिस पुसून टाकला, तेव्हा रक्षानं पासवर्ड टाकला. विसरू नये म्हणून तो चिठ्ठीवर लिहिला. चिठ्ठी लोखंडी कपाटात, आणि किल्ली कमरेला.

कपाट जुनं, गाव सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतलेलं. आणलं तेव्हा त्याला कुलूपच नव्हतं. कुलपाच्या जागी भोक, तेही लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेलं. रक्षानं नवं कुलूप बसवून घेतलं.

कपाटाचं कुलूप कोण कशाला काढून टाकेल, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आली, तर मयुरी मजेत गेम खेळत बसलेली.

रक्षानं पासवर्ड बदलला. नवी चिठ्ठी ठेवली.

पुन्हा तेच... तीनदा.

"कोनं सांगतला तुले?"

"पोरीनं."

"कोन्त्या पोरीनं?"

मयुरीनं हनुवटीनं कपाट दाखवलं. "ते पोरगी आतून वाचून दाखवते."

फोनवर धनंजय हसला. "तुह्यावरच गेली आहे. तूही लहानपणी काय कमी थापा मारत होती?"

मग रक्षानं एक युक्ती केली. खरा पासवर्ड मनात ठेवला आणि चिठ्ठीवर मुद्दाम खोटा लिहिला, जवळच्याच एका गावाचं नाव... केळझर. कपाट बंद केलं आणि शेजारी जाऊन बसली.

अर्ध्या तासानं मयुरी रडवेली होऊन आली.

"आई, आज तिनं मले खोटंच सांगतलं. म्हने केळझर. लागतच नाई."

रक्षाच्या हातातला चहा तसाच राहिला.

कुलपाच्या दोन्ही किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. तरी पोरीनं कुठून तरी तिसरी मिळवली असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. आई दुसरं काय समजावणार? तिनं चिठ्ठी फाडली. कीबोर्डच काढला आणि कपाटात, खालच्या उंच, खोल खणात, साड्यांवर टाकून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनला लोडशेडिंग झालं.

कूलर बंद पडला. त्याच्या घरघरीची इतकी सवय झालेली की अचानक कानात पोकळी झाल्यासारखं वाटलं.

आणि त्या पोकळीत...

टक.

टक... टक टक.

आवाज कपाटातून येत होता.

मयुरी शेजारी आडवी होती. डोळे टक्क उघडे.

"आई, काढ न तो कीबोर्ड," ती हळूच म्हणाली. "तिले बसाले जागा पुरत नाई."

रक्षा उठली. एका किल्लीनं कुलूप उघडलं आणि किल्ली पुन्हा कमरेला खोचली. कीबोर्ड उभा करून एका कडेला सरकवलेला होता. साड्या मधोमध दबलेल्या... कुणी मांडी घालून बसावं तशा.

कीबोर्ड ओढायला ती गुडघे टेकून आत वाकली.

मागून पाठीला दाराचा धक्का बसला.

ती आत कोलमडली. दार लागलं. कुलपाचा खटका पडला.

काळोख. डांबरगोळ्यांचा वास. भाजणारं लोखंड. श्वास पुरेना.

"मयुरी! दार उघड बाई!"

"उघडत नाई न, आई!" बाहेर पोर हातांनी दार बडवत होती.

रक्षानं खांद्यानं रेटलं. दार हललं नाही. आपण इथंच गेलो तर पोरीला कोण... एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात तिच्या हातात एक हात आला.

लहान. गार. घामेजलेला.

बाहेर मयुरी रडतच होती.

रक्षा म्हणाली, मी ओरडणारच होते. पण तो हात थरथरत होता. मयुरीचा थरथरतो ना तापात, तस्सा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं...

"तुले कोनं कोंडलं वं, माय?"

हात क्षणभर घट्ट झाला.

मग खटका पडला. दार आपोआप उघडलं.

किल्ल्या दोन्ही तिच्या कमरेलाच होत्या.

त्याच संध्याकाळी तिनं कुलूप काढवून घेतलं. पासवर्डही काढला. मयुरीनं त्यानंतर गेमचं नाव घेतलं नाही.

याला तीन वर्षं झाली. घरं दोनदा बदलली. धनंजय अजून म्हणतो, भंगारात देऊन टाक. पण ती देत नाही, विकतही नाही. घेणारा आधी कुलूपच बसवेल, म्हणते. कपाट तिच्यासोबत फिरतं. दार पूर्ण लागू नये म्हणून फटीत चिंधी कोंबलेली, खालचा खण रिकामा.

दुपारी वीज गेली की टाइप करता करता रक्षाची बोटं कीबोर्डवर थबकतात.

टकटक मात्र... जरा उशिरा थांबते.