हाक द्यायची राहिली

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचतही नाही. माझा रोजचा जप, माझे नेम, एवढ्यातच माझा दिवस जातो. पण हे आमच्याच घरात घडलं, गेल्या हिवाळ्यात, आमच्या दोन खोल्यांत. यातलं काहीच पदरचं नाही.

माझा धाकटा भाऊ हेरगिरीच्या सिनेमांत स्टंट करायचा. गुप्तहेर हिरो गच्चीवरून कोसळणार... आणि पडणार माझा भाऊ. कितीही पडला तरी पुन्हा ताजातवाना, म्हणून सेटवर सगळे त्याला ‘चेंडू’ म्हणायचे.

आई म्हणायची, "हिरो कसला गुप्तहेर? खरा गुप्त माझा मुलगा. इतके सिनेमे झाले, अजून तोंड दिसलं नाही."

त्यांच्या कामात एक शिस्त होती. पडल्यावर हलायचं नाही. आत काही मोडलं असेल तर हलल्याने वाढतं. फाइट मास्टर जवळ येऊन बघणार, "ऊठ रे चेंडू" म्हणणार... मगच उठायचं.

त्या दिवशी तो उंचावरून पडला आणि खालची गादी सरकली.

मास्टर धावले. पण त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. लोकांनी भावाला तसंच उचलून नेलं.

तो वाचला नाही.

काही आठवड्यांनी, दिवेलागणीला मी जपाला बसले होते. आतल्या खोलीत आवाज झाला.

धप्प...

मग काहीच नाही.

जाऊन पाहिलं. खोली रिकामी. फक्त पलंगाजवळची फरशी... माणसाच्या लांबीएवढी... कोमट होती.

मग रोजच तसं होऊ लागलं. पडल्याचा आवाज यायचा.

उठल्याचा कधीच नाही.

आई घाबरली नाही. तिने तिथे उशी ठेवली. मला म्हणायची, "कडेने चाल गं. पडलाय तो."

"आई, तो हाकेसाठी थांबलाय. मास्टरांना बोलावू या."

"कशाला? उठला की जाईल. पडलेला का होईना, घरात आहे ना?"

पण जपाला बसले की तो डोळ्यांसमोर यायचा. मुकाट पडलेला, ताटकळलेला. शेवटी मीच मास्टरांना फोन केला.

ते आले. पार वाळले होते. बाहेरच्या खोलीत खाली मान घालून बसले.

धप्प...

मास्टर उठले. आत जाऊन त्या फरशीपाशी उकिडवे बसले, सेटवर बसायचे तसे.

"नका हो मास्टर," दारातून आई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं.

"ऊठ रे चेंडू. झालं."

बराच वेळ काही नाही...

मग कपड्यांची सळसळ. गुडघ्यावर हात टेकून उठताना निघतो तसा सुस्कारा. उशीतला खळगा हळूहळू भरून आला.

आईने हात पुढे केला. तिच्या जवळून काहीतरी गेलं. तिचा हात तसाच हवेत राहिला.

मास्टर निघाले तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. ते भिंतीच्या कडेकडेने चालले होते... शेजारी एका माणसाची जागा सोडून.

त्यानंतर घर अगदी शांत झालं. आई रोज संध्याकाळी मास्टरांना फोन करू लागली.

"आला का?"

"आला, आई. आत्ताच पडला. उठवलं मी त्याला."

"फार उंचावरून नका पाडू हो."

मग ती दोन घास खायची. हे खरं, की मास्टर म्हातारीची समजूत काढतात? मी कधी विचारलं नाही.

काल मात्र फोन त्यांचाच आला. मी उचलला.

"ताई, जरा हळू बोला. चेंडू तुमच्याकडे आलाय का?"

"नाही. का?"

"आधी रोज यायचा हो. देवाशपथ. पण बरेच दिवस झाले, आलाच नाही. आईंना मी आपलं आला म्हणून सांगतोय."

आतून आईने विचारलं, "मास्टर का? आला ना तो?"

मी हाताने फोन झाकून धरला.

तो आता कुठे पडला असेल... आणि तिथे त्याला उठवणारं कुणी असेल का?